नोंद आहे, पार्सल नाही

पार्सल घरी आलेले नाही आणि ट्रॅकिंगवर मात्र ते काल दुपारी दिल्याची नोंद आहे, अशा वेळी बहुतेक माणसे सुरुवातच चुकीच्या ठिकाणी करतात. कोणी हेल्पलाइन लावून बसतो, कोणी समाजमाध्यमावर संताप लिहितो, कोणी पाठवणाऱ्यावर चिडतो. त्या पार्सलची शेवटची हालचाल जिथून झाली ते आपल्याच पिनकोडचे वाटप करणारे टपाल कार्यालय, आणि तिथे जायचे तेवढे राहून जाते. पहिला दिवस तिथेच घालवावा, असा माझा आग्रह आहे. पोस्टमनला काल कोणते खोके कोणत्या जिन्यावर दिले हे आज आठवते. दहा दिवसांनी आठवणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नसेल.

आधी ती नोंद तयार कशी होते ते पाहू. स्पीड पोस्टचा क्रमांक तेरा अक्षर-अंकांचा असतो. सुरुवातीला दोन अक्षरे, मग नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरे, भारताची ‘आयएन’. ही मांडणी जागतिक टपाल संघटनेची आहे आणि जगभर तीच चालते. नऊपैकी पहिले आठ अंक खरे. नववा त्यांच्यावरून काढलेला पडताळणीचा अंक. आठ अंकांना क्रमाने 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 यांनी गुणायचे, बेरीज करायची, 11 ने भागायचे आणि बाकी 11 मधून वजा करायची. उत्तर 10 आले तर 0 लिहायचे, 11 आले तर 5. उदाहरणार्थ 47312482 ची बेरीज 200 येते, बाकी 2 उरते, म्हणून नववा अंक 9. खिडकीवरच्या कारकुनाने एखादा अंक चुकीचा टाइप केला तर यंत्र जवळपास नेहमीच तो क्रमांक नाकारते. म्हणजे क्रमांकाच्या पातळीवर ही व्यवस्था भक्कम आहे. पण तो क्रमांक छापलेली चिठ्ठी योग्य खोक्यावर चिकटवली का, हे तपासायला असा कोणताही अंक नाही. एकाच माणसाने एकाच वेळी चार पार्सले बुक केली आणि दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, तर नाशिकला जायचे खोके नाशिकलाच पोचते, पण नोंद सोलापूरच्या क्रमांकावर होते. म्हणून ट्रॅकिंगवर पहिल्यांदा पाहायचे ते वाटप करणाऱ्या कार्यालयाचे नाव. ते आपले नसेल तर पोस्टमनला काही विचारण्यात अर्थ नाही. शोध बुकिंगच्या खिडकीपासून सुरू करावा लागतो. त्याच नोंदीत ‘ॲड्रेसी’ऐवजी ‘सेंडर’ असा शब्द दिसला, तर पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जाऊन पोचले आहे. हा एक शब्द नीट न वाचल्यामुळे लोक आठवडा आठवडा मनस्ताप करून घेतात.

कार्यालय आपलेच असेल तर पुढचा भाग पूर्णपणे माणसांच्या हातात आहे. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, टपाल खात्यातले ज्येष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नाणावलेले कवी. एकसारखी गावांची नावे, वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते आणि न लागणारी अक्षरे या गोंधळातून पत्र बाहेर काढायला त्यांनी सहा अंक दिले. पहिले तीन अंक पत्राला वर्गवारीच्या जिल्ह्यापर्यंत नेतात, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयापर्यंत. तिथे पिनकोडचे काम संपते. कार्यालयापासून दारापर्यंतचा रस्ता पोस्टमनच्या डोक्यात असतो. कोणती चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, ‘शिवकृपा’ नावाच्या तीन सोसायट्यांपैकी कोणती कुठे आहे, कोणत्या घरात दुपारी कोणी नसते, हे सारे त्यालाच ठाऊक असते. 2025 साली टपाल खात्याने ‘डिजिपिन’ आणला. त्यात देशाच्या जमिनीचे साधारण चार मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांचा संकेत दिला आहे. पण पार्सलावर आजही आपण लिहितो तो घर क्रमांक, गल्ली आणि ‘मारुती मंदिराजवळ’.

सकाळी बॅगा उघडतात, टपालाची वर्गवारी होते, प्रत्येक पोस्टमनच्या बीटचा गठ्ठा वेगळा होतो आणि नोंदणीच्या वस्तू त्याच्या नावावर चढतात. संध्याकाळी परतल्यावर त्यातल्या प्रत्येक वस्तूचा हिशेब लागला पाहिजे: दिली तर कोणाला, नाही दिली तर का. दार बंद, पत्ता अपुरा, माणूस स्थलांतरित, घेण्यास नकार अशी कारणे ठरलेली आहेत. पूर्वी हा बटवडा कागदावरच्या सहीने पुरा होई. आता बहुतेक ठिकाणी पोस्टमनच्या हातात मोबाइल ॲप असते आणि सही पडद्यावर बोटाने होते. आपल्याला दिसणारी ‘डिलिव्हर्ड’ ही नोंद म्हणजे या साखळीतल्या एका माणसाने एका क्षणी केलेले विधान आहे. ते बहुतेक वेळा खरे असते. आपल्या बाबतीत ते खरे नसेल, तर ते पुराव्यानिशी तपासायला लावणे एवढेच आपले काम आहे.

न मिळालेली पार्सले जातात कुठे? सगळ्यांत जास्त वेळा ती फार लांब गेलेली नसतात. वॉचमनच्या केबिनमध्ये टेबलाखाली असतात. शेजारच्या काकूंनी घेऊन ठेवलेली असतात आणि काकू त्याच संध्याकाळी लेकीकडे गेलेल्या असतात. मोठ्या कचेरीत ती आवक-जावक विभागात पडून राहतात, कारण तिथे एकच अधिकृत माणूस सगळ्या टपालाची एकत्र पोच देतो आणि खात्याच्या दृष्टीने वाटप त्याच क्षणी संपते. वसतिगृहांत आणि कंपन्यांच्या गेटवर हेच होते. खेड्यात ग्रामीण डाकसेवक रानातल्या वस्तीवर जाण्याऐवजी भावकीतल्या कोणाच्या तरी हाती पार्सल देतो. त्या माणसाला ते द्यायची आठवण बाजाराच्या दिवशी होते. एकाच आडनावाची दोन घरे एका वाडीत असतील तर चूक आणखी सोपी. काही वेळा पोस्टमन गठ्ठ्यातल्या सगळ्या नोंदी एकदमच ‘दिले’ म्हणून पुऱ्या करतो आणि उरलेली पार्सले उद्या द्यायच्या विचाराने ठेवतो. हे नियमाविरुद्ध आहे, पण कामाचा ताण असला की घडते; अशा वेळी दुसऱ्या दिवशी दार वाजते. चोरीही होते. पण ती शक्यता शेवटी धरावी, कारण पहिल्याच भेटीत चोरीचा आरोप केला की समोरचा माणूस शोधायचे सोडून स्वतःचा बचाव करू लागतो.

म्हणून आधी घरातल्या प्रत्येकाला, शेजाऱ्यांना आणि वॉचमनला विचारावे. सोसायटीची नोंदवही असेल तर ती डोळ्यांनी पाहावी. तिथे काही लागले नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी, पोस्टमन बीटवर निघायच्या आत, टपाल कार्यालयात पोचावे. आपल्या भागाचा पोस्टमन कोण हे विचारून त्याच्याशी शांतपणे बोलावे. “दादा, काल या नंबरचं पार्सल तुमच्याकडे होतं, ते कोणाच्या हातात दिलं आठवतंय का?” एवढा प्रश्न पुरतो. माझ्या पाहण्यात बरीच पार्सले याच प्रश्नावर सापडली आहेत. त्याच्याशी बोलून काही हाती लागले नाही तर पोस्टमास्तरांना भेटावे, आणि तिथे मात्र बोलणे कागदावर आणावे. तोंडी तक्रारीचा मागमूस राहत नाही. अर्ज साधा असावा, असा:

“मा. पोस्टमास्तर यांस, स्पीड पोस्ट क्रमांक अमुक हे माझ्या पत्त्यावरचे पार्सल अमुक तारखेला अमुक वाजता दिल्याची नोंद दिसते. ते मला किंवा माझ्या घरातील कोणालाही मिळालेले नाही. ते कोणाच्या हाती दिले, त्या व्यक्तीचे नाव, सहीची प्रत आणि वाटपाची वेळ लेखी कळवावी. सही माझी किंवा माझ्या अधिकृत व्यक्तीची नसल्यास चुकीच्या वाटपाची चौकशी करून पार्सल मिळवून द्यावे.”

‘पार्सल मिळाले नाही’ एवढेच लिहिले तर उत्तरही एका ओळीचे येते: ‘नोंदीप्रमाणे वाटप झाले आहे.’ नाव, सही आणि वेळ मागितली की कोणाला तरी कपाट उघडावे लागते किंवा संगणकातली सही काढून पाहावी लागते. त्या सहीखाली दुसऱ्याच कोणाचे नाव निघाले, की प्रकरणाचा अर्धा निकाल तिथेच लागतो. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर तारखेचा शिक्का व पोच घ्यावी. ट्रॅकिंगच्या पानाचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे. वाटपाच्या नोंदी खाते कायम सांभाळत नाही, मुदत संपली की त्या नष्ट होतात. म्हणून अर्जाला उशीर करू नये.

इथे एक अडचण येते, तिची कल्पना आधीच असलेली बरी. टपाल खात्याने पैसे पाठवणाऱ्याकडून घेतलेले असतात, पावती त्याच्याकडे असते आणि भरपाईचा हक्कही मुख्यतः त्याचाच. त्यामुळे पार्सल ज्याच्यासाठी होते त्याने शोध घ्यावा, पण औपचारिक तक्रार पाठवणाऱ्याच्या नावानेही व्हावी. बहिणीने पुण्याहून लातूरला राखी पाठवली असेल तर भावाने लातूरच्या कार्यालयात अर्ज द्यावा आणि बहिणीने आपल्या पावतीच्या आधारे खात्याच्या संकेतस्थळावर किंवा 1800 266 6868 या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रारीला क्रमांक मिळतो, तो पुढच्या प्रत्येक पत्रात लिहावा.

स्थानिक कार्यालय दाद देत नसेल तर वरची पायरी विभागाच्या डाक अधीक्षकांची, मोठ्या शहरांत वरिष्ठ अधीक्षकांची. त्यांच्या वर क्षेत्राचे पोस्टमास्तर जनरल आणि सर्वांत वर मुंबईत बसणारे चीफ पोस्टमास्तर जनरल. गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो, त्यामुळे म्हापशाच्या माणसाची शेवटची पायरीही मुंबईतच आहे. खाते ठरावीक काळाने डाक अदालत भरवते. तिची सूचना निघते, आधी लेखी तक्रार दिलेली असावी लागते आणि अधिकारी समोरासमोर ऐकतात. ही सोय चांगली असून लोक तिचा उपयोग फार कमी करतात, याचे मला वाईट वाटते. केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर, म्हणजे ‘सीपीग्राम्स’वर, तक्रार केली तर ती 21 दिवसांत निकाली काढावी असा 2024 पासूनचा दंडक आहे. आणि सहीची प्रत कोणीच देत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच. दहा रुपये शुल्क, भारतीय पोस्टल ऑर्डरनेही भरता येते, आणि 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक. त्यात ‘पार्सल का दिले नाही’ असे विचारू नये. कायद्याने कागद मागता येतो, खुलासा नाही. त्या क्रमांकाच्या वाटपाची सही आणि त्या दिवसाची नोंद, एवढ्यांच्या प्रती मागाव्यात.

एवढे करूनही पार्सल सापडले नाही तर भरपाई किती? उत्तर कटू आहे. देशांतर्गत स्पीड पोस्ट हरवले तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, असा नियम वर्षानुवर्षे चालत आला आहे. आत आजीची पैठणी असो की परीक्षेची मूळ प्रमाणपत्रे, हिशेब शुल्कावरून होतो. याचे मूळ इंग्रजी अमदानीत आहे. 1898 च्या भारतीय टपाल कार्यालय कायद्याच्या सहाव्या कलमाने सरकारला टपालाचे हरवणे, चुकीचे वाटप, उशीर आणि नुकसान या सगळ्यांच्या जबाबदारीतून मोकळे केले होते. सरकारने स्वतः शब्द देऊन पत्करली असेल तेवढीच जबाबदारी. टपाल खाते पाठवणाऱ्याचे एजंट नसून ती एक सार्वजनिक सेवा आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही 1979 साली एका खटल्यात सांगितले. तो जुना कायदा गेला, त्याच्या जागी 2023 चा टपाल कार्यालय कायदा आला आणि 18 जून 2024 पासून लागू झाला. पण संरक्षण तसेच राहिले: नियमांत ठरवून दिली असेल तेवढीच जबाबदारी.

माझ्या मते ही संधी वाया गेली. पत्रे उंटावरून आणि बोटीतून जात होती, वाटेत काय झाले ते कोणालाच सांगता येत नव्हते, त्या काळी असे कवच समजण्यासारखे होते. आज प्रत्येक थांब्यावर बारकोड वाचला जातो. पार्सल शेवटी कोणाच्या नावावर चढले होते हे खात्याला मिनिटावारी ठाऊक असते. इतकी माहिती हाताशी असलेल्या सेवेने निदान चुकीच्या माणसाला दिलेल्या वस्तूची खरी किंमत भरून द्यायला हवी.

कवचाला एक फट आहे. कर्मचाऱ्याने लबाडी केली असेल किंवा जाणूनबुजून वस्तू हरवली, अडवली वा भलत्याला दिली असेल तर त्याला संरक्षण नाही; हे जुन्या कायद्यातही होते आणि नव्यातही आहे. ग्राहक आयोगांपुढची लढाई बहुधा याच मुद्द्यावर होते. खात्याला सही दाखवता आली नाही, किंवा दाखवलेली सही खोटी निघाली, तर तक्रारदाराची बाजू बळकट होते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आता आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून घ्यावे. पोलिसांत जायचे ते चोरीचा ठोस आधार हाती आल्यावर. सरकारी नोकराने ताब्यातल्या वस्तूचा अपहार करणे हा भारतीय न्याय संहितेच्या 316 व्या कलमाखाली जन्मठेपेपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि इतका गंभीर आरोप संशयावर करू नये.

वस्तू ऑनलाइन विकत घेतलेली असेल तर रस्ता बराच सोपा होतो. तिथे टपाल किंवा कुरिअर विक्रेत्याने निवडलेले असते, तेव्हा विचारायचे विक्रेत्याला. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच आणि एक महिन्यात निर्णय दिला पाहिजे. आणि पार्सलाचा क्रमांक समाजमाध्यमावर जाहीर टाकू नये. तो वाचून ‘कस्टमर केअर’च्या नावाने फोन येतात, पत्ता दुरुस्त करायला पाच रुपये भरा म्हणतात, आणि त्या दुव्यावर गेलेल्याचे खाते रिकामे होते.

परदेशी गेलेल्या पार्सलाची गोष्ट वेगळी. दिवाळीच्या आधी महाराष्ट्रातल्या टपाल कार्यालयांतून फराळाचे डबे अमेरिकेला, इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला निघतात. न्यू जर्सीतल्या मुलीच्या नावाने गेलेला डबा ‘दिला’ म्हणून दिसतो आणि तिच्या दारात काहीच नसते. अमेरिकेत सही न घेता खोके दाराबाहेर ठेवून जायची रीत आहे, आणि तिथून ते उचलून नेणारे चोरही आहेत. तरी तिथल्या टपाल खात्याच्या स्कॅनरमध्ये वाटपाच्या जागेची नोंद राहते. मुलीने आपल्या भागाच्या टपाल कार्यालयात जाऊन ती जागा विचारली तर खोके शेजारच्या इमारतीत ठेवले होते का ते कळते. औपचारिक चौकशी मात्र इथून, पाठवणाऱ्याने करायची. जागतिक टपाल कराराप्रमाणे त्याला पार्सल टाकल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. भारत 1876 पासून जागतिक टपाल संघटनेत आहे, त्यामुळे पुण्याच्या खिडकीवर दिलेला अर्ज परदेशातल्या खात्याला उत्तर द्यायला भाग पाडतो. सहा महिने उलटले की ते दार बंद होते.

आता वाचकाला एक विनंती. 2025 साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, आणि त्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टला दोन जादा सोयी मागून घ्याव्या लागतात. ज्याच्या नावाने आहे त्याच्याच हाती देणारी ‘नोंदणी’, आणि घेणाऱ्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितल्याशिवाय न देणारे वाटप. प्रत्येकी पाच रुपये आणि वर कर. खिडकीवरचा माणूस या सोयी आपणहून सुचवेलच असे नाही. दागिना, प्रमाणपत्र किंवा औषध पाठवताना त्या मागा, किमती वस्तूचा खऱ्या किमतीएवढा विमा उतरवा, पत्त्यात घेणाऱ्याचा चालू मोबाइल क्रमांक घाला, आणि पावतीचा फोटो तिथेच काढून त्याला पाठवा. ओटीपी खोके हातात आल्यावरच सांगायचा, फोनवर कोणी मागितला तर नाही, हेही त्याला त्याच निरोपात कळवा.